दुसऱ्याच्या हातातला फर्मा

१९९४ साली मी पुण्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होते. हॉलच्या एका बाजूला सहा ड्रॉइंग बोर्ड, दुसऱ्या बाजूला दोन ४८६ कॉम्प्युटर, आणि मागच्या खोलीतून दिवसभर येणारा अमोनिया प्रिंटचा उग्र वास. ऑटोकॅड तेव्हा डॉसवर चालायचं. त्यात ऑटोलिस्प नावाची छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा होती. १९८६ मध्ये ऑटोडेस्कने ती ऑटोकॅडमध्ये घातली आणि जगभरच्या ऑफिसांत माझ्यासारखी शेकडो माणसं आपापले प्रोग्रॅम लिहायला बसली. मी लिहिला जिन्याचा.

दोन टप्प्यांच्या जिन्याचा प्लॅन आणि सेक्शन हाताने काढायला अर्धा दिवस जायचा. मजल्याची उंची ३००० मिलिमीटर धरली, पायरीचा चढ १५० धरला, की वीस चढ येतात. दहा खालच्या टप्प्यात, दहा वरच्या टप्प्यात, मध्ये लँडिंग. हिशेब ठरलेला, रेघा ठरलेल्या. माझा प्रोग्रॅम तीन आकडे विचारायचा आणि डोळ्यांदेखत जिना काढून द्यायचा. महिनाभर मी तो वापरला, आणि ऑफिसातले सगळे जिने माझ्या टेबलावर येऊ लागले.

मग मावसबहिणीच्या लग्नासाठी चार दिवस कोल्हापूरला गेले. परत आले तर आमच्या ड्राफ्ट्समन काकांनी तेवढ्यात दोन जिने बोर्डावर, हाताने काढले होते. का, ते त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून ठेवलं होतं: कुठल्या वेळी काय टाइप केलं आणि कॉम्प्युटर काय म्हणाला. पडद्यावर नुसतं ‘एच’ आलं, म्हणून त्यांनी उंची दिली, १०. साइटवर सगळे दहा फुटी मजला म्हणतात, म्हणून दहा. उत्तर आलं, ‘डिव्हाइड बाय झीरो’. माझा प्रोग्रॅम मिलिमीटर गृहीत धरत होता. दहाला १५० ने भागून अपूर्णांक टाकला की पायऱ्या होतात शून्य, आणि मग पुढच्या ओळीत उंचीला त्या शून्याने भागायचं. काकांनी हे चार वेळा करून पाहिलं होतं. चारही नोंदी होत्या.

“मॅडम, तुमचा जिना फक्त तुम्हालाच ओळखतो,” ते म्हणाले.

त्या शनिवारी मी थांबून तीन गोष्टी केल्या. ‘एच’च्या जागी रोमन लिपीत पण मराठीत पूर्ण प्रश्न लिहिला: मजल्याची उंची किती, मिलिमीटरमध्ये. शेजारी कंसात ३००० ठेवलं, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी काम व्हावं. आणि हजाराच्या आतला आकडा आला तर प्रोग्रॅमने पुढे न जाता पुन्हा विचारावं, असं केलं. भूमितीची एकही ओळ बदलली नाही. सोमवारी काकांनी स्वतः जिना काढला.

पुढे बारा वर्षांनी मी ऑफिस सोडून आर्किटेक्टांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका टीममध्ये गेले, आणि तिथलं माझं काम म्हणजे काकांची ती डायरी रोज लिहिणं होतं. म्हणून या साधनांचा इतिहास मी वाचते तेव्हा कुठली इमारत किती वाकडी झाली यापेक्षा मला एकच गोष्ट शोधावीशी वाटते: बनवणारा खोलीतून उठून गेल्यावर ते साधन चाललं का?

सुरुवातीची एक गोष्ट आपल्या शेजारच्या गुजरातमधली आहे. आर्किटेक्ट ख्रिस्तोफर अलेक्झांडर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बावरा नावाच्या खेड्यात जाऊन राहिले. गावाला काय काय लागतं याची त्यांनी यादी केली, १४१ गरजा. गुरं, पाणी, शेती, जाती-कुळांचे संबंध, सगळं त्यात होतं. कुठली गरज कुठल्या गरजेशी गुंतलेली आहे हे मांडून तो गुंता त्यांनी कॉम्प्युटरकडून सोडवून घेतला. मार्विन मॅनहाइम यांच्याबरोबर त्यांनी १९६२ मध्ये लिहिलेला तो प्रोग्रॅम एमआयटीच्या यंत्रावर चालायचा. १४१ गरजांचे चार मोठे गट झाले, त्यांचे बारा छोटे. १९६४ च्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे. विचार मोठा होता, पण त्या यादीतली प्रत्येक जोडी अलेक्झांडर यांच्या स्वतःच्या नजरेतून जुळलेली होती. दुसऱ्या आर्किटेक्टने तो प्रोग्रॅम उचलून आपल्या गावाला लावावा, असं त्याचं रूपच नव्हतं. पुढे खुद्द अलेक्झांडर यांनी त्या पद्धतीकडे पाठ फिरवली आणि ते साध्या भाषेत लिहिलेल्या ‘पॅटर्न्स’कडे वळले. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोन प्रोग्रॅमरांनी ती पॅटर्न्सची कल्पना घेतली आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाच पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी करायला दिली. आर्किटेक्टचा प्रोग्रॅम मागे पडला आणि आर्किटेक्टची बोली सॉफ्टवेअरवाल्यांच्या कामी आली. हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट लंडनच्या वॉटर्लू स्टेशनची. युरोस्टारसाठी बांधलेलं ते टर्मिनल १९९३ मध्ये पुरं झालं. मी ते २००३ मध्ये पाहिलं, गाड्या तिथून सुटत होत्या तेव्हा. आर्किटेक्ट निकोलस ग्रिमशॉ. जागा अडचणीची, वाकलेली आणि एका टोकाकडे निमुळती होत जाणारी. छप्पर चारशे मीटर लांब, रुंदी एका टोकाला पन्नास मीटर आणि दुसऱ्या टोकाला पस्तीस. पश्चिमेकडचा रूळ अगदी कडेला आल्यामुळे तिकडे कमानीला झटकन उभं चढावं लागतं, पूर्वेकडे ती सावकाश उतरते. अशा ३६ कमानी, आणि मापं बदलत जाणारी. बोर्डावर काढायच्या तर एकाच कमानीचं ड्रॉइंग पुन्हापुन्हा नव्याने करायचं.

लार्स हेसेलग्रेन यांनी इंटरग्राफ कंपनीच्या प्रणालीत एकाच कमानीचा नियम बांधला. गाळ्याची रुंदी द्यायची, बाकीची मापं त्यावरून आपोआप निघायची. आपल्याकडे मिस्त्री फर्मा करतो तसा हा फर्मा, फक्त प्रत्येक वेळी स्वतःचं माप बदलणारा. प्लॅटफॉर्मवर उभी राहून मी वर बघत होते आणि एकामागून एक आखडत जाणाऱ्या त्या निळ्या कमानींत मला तो एकच नियम दिसत होता. तो फर्मा चालवणारा माणूस मात्र हेसेलग्रेनच होता. प्रणाली महाग, यंत्र महाग, आणि नियम कसा बांधलाय हे त्यांच्या डोक्यात.

हेसेलग्रेन, ह्यू व्हाइटहेड आणि जे पॅरिश हे तिघं एके काळी वायआरएम या एकाच फर्ममध्ये होते. पुढे ते तीन मोठ्या ऑफिसांत विखुरले. व्हाइटहेड यांनी १९९८ मध्ये नॉर्मन फॉस्टर यांच्या ऑफिसात किचकट भूमितीसाठी वेगळा गट उभा केला. लंडनची लोणच्याच्या काकडीसारखी दिसणारी ती इमारत, २००४ मध्ये उघडलेली, या गटाच्या हातून गेली. तिघांचंही दुखणं एकच होतं. प्रत्येक ऑफिसात दोन-चार जाणती माणसं साधनं बनवतात, प्रोजेक्ट संपतं, माणसं सोडून जातात आणि साधन पडून राहतं. ऑफिस जगतं इमारतीच्या फीवर. साधन नीट करायला, त्याची मार्गदर्शिका लिहायला, मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ते पुन्हा जुळवून घ्यायला कुठल्याच प्रोजेक्टच्या हिशेबात तास नसतात. मी ज्या ऑफिसात होते तिथेही नव्हते, म्हणून तो शनिवार माझ्या पदरचा होता.

या तिघांनी २००१ मध्ये स्मार्टजिऑमेट्री हा गट काढला. बेंटली कंपनीतले रॉबर्ट एश त्यांच्यासाठी नवं साधन घडवत होते, जनरेटिव्ह कंपोनंट्स. ते तयार झालं ते कार्यशाळांत. आर्किटेक्ट आपापलं अर्धवट डिझाइन घेऊन यायचे, शेजारी सॉफ्टवेअर लिहिणारे बसायचे, आणि अडलं की तिथल्या तिथे दोघं मिळून बघायचे. माझ्या दृष्टीने हे या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. साधन बनवणारा पहिल्यांदाच दुसऱ्याला अडखळताना, आणि तेही पद्धतशीरपणे, बघत होता.

डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवरचं अविवा स्टेडियम त्यातून झालं. ते २०१० मध्ये उघडलं. उत्तरेला लोकांची घरं अगदी लागून, त्यांचा उजेड अडू नये म्हणून तिकडची बाजू एकदम खाली घेतलेली. त्यामुळे सगळं आवरण लाटेसारखं उतरतं आणि चढतं. आर्किटेक्ट पॉप्युलस आणि इंजिनिअर ब्युरो हॅपोल्ड यांनी त्या आवरणाचे नियम जनरेटिव्ह कंपोनंट्समध्ये बांधले आणि ते हलवणारे आकडे ठेवले साध्या एक्सेलच्या तक्त्यात. तक्ता सगळ्यांना वाचता येतो. एकाने आकडा बदलायचा, दुसऱ्याकडे आकार बदलायचा. माझ्या त्या कंसातल्या ३००० ची मला इथे आठवण येते. नियम बांधणाऱ्याची खोली वेगळी आणि आकडा देणाऱ्याचं दार वेगळं, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

तरीही जनरेटिव्ह कंपोनंट्स थोड्यांचंच राहिलं. ते हुशार होतं, माझ्या मते आपल्या काळातलं सगळ्यात खोल विचार केलेलं, पण पहिल्या तासात नवख्याच्या हाती काही लागायचं नाही. आर्किटेक्ट गेरी यांच्या ऑफिसची कथाही याच जातीची. १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी बार्सिलोनात त्यांनी भला मोठा मासा उभारला, तो विमानं डिझाइन करण्यासाठी बनलेल्या कॅटिया सॉफ्टवेअरवर. नंतर त्याच पायावर आर्किटेक्टांसाठी डिजिटल प्रोजेक्ट नावाचं उत्पादन आणलं, त्यासाठी वेगळी कंपनी काढली. ती २०१४ मध्ये ट्रिंबलने घेतली. मोठ्या कामांना ते उपयोगी पडलं, पण छोट्या ऑफिसांपर्यंत पोचलं नाही.

पोचलं ते ग्रासहॉपर.

डेव्हिड रुटेन डेल्फ्टला आर्किटेक्चर शिकलेले. सिएटलच्या मॅकनील कंपनीत ते ऱ्हायनो या मॉडेलिंग सॉफ्टवेअरवर काम करत होते. ऱ्हायनोच्या चौथ्या आवृत्तीत ‘हिस्टरी’ नावाची सोय होती: रेघांवरून पृष्ठभाग तयार केला आणि नंतर रेघ हलवली, तर पृष्ठभागही मागोमाग हलायचा. पण हे नातं आतल्या आत असायचं, डोळ्यांना दिसायचं नाही. कुठे तुटलं तर कळायचं नाही. रुटेन यांनी ते नातं बाहेर काढून मांडलं. प्रत्येक क्रिया म्हणजे एक छोटी पेटी, आणि एका पेटीतून दुसरीत जाणारी तार. २००७ च्या सप्टेंबरमध्ये ते ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’ या नावाने आलं, काही महिन्यांतच त्याचं ग्रासहॉपर झालं. पुढे दहा वर्षं ते ऱ्हायनोला जोडून फुकट मिळत राहिलं आणि २०१८ मध्ये सहाव्या आवृत्तीत आतच आलं. इतकी वर्षं वापरणाऱ्यांच्या प्रश्नांना रुटेन स्वतः उत्तरं देत राहिले. ती उत्तरं मी पुष्कळ वाचली आहेत, आणि एकच चूक दहाव्यांदा विचारणाऱ्यालाही त्यांनी नीट समजावून सांगितलेलं मी पाहिलं आहे.

मी ते पहिल्यांदा पाहिलं २०१० मध्ये, पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यशाळेत. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने मजल्याचा आकार घेतला, चाळीस मजले एकावर एक रचले, प्रत्येकाला थोडा पीळ दिला आणि पिळाच्या पेटीला सरकपट्टी जोडली. पट्टी सरकवली की आख्खा टॉवर वळायचा. एका पेटीला तार जोडायची राहिली होती, ती नारिंगी झालेली. तिने तिकडे बघितलं, तार ओढली, पेटी राखाडी झाली. कुणाला विचारलं नाही. शिकवणारे सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते.

मला त्या नारिंगी पेटीचं मोल कळलं, कारण मी ‘डिव्हाइड बाय झीरो’ लिहिलं होतं. काही कमी असेल तर नारिंगी, चुकलं असेल तर लाल, आणि चूक नेमकी जिथे झाली तिथेच तो रंग. सरकपट्टीला खालची आणि वरची हद्द देता येते. माझ्या जिन्याला २७०० ते ४२०० अशी पट्टी असती तर काकांना दहा हा आकडा देताच आला नसता.

पण दिसतं म्हणून समजतंच असं नाही. २०१५ च्या सुमारास एका फर्मची ग्रासहॉपरची फाइल आमच्याकडे आली. चारेकशे पेट्या, एकमेकींत अडकलेल्या तारा, सगळ्या सरकपट्ट्यांची नावं मूळचीच, आणि एका पिवळ्या चौकटीत लिहिलेलं: ‘हे हलवू नका’. बनवणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता. मला दोन दिवस लागले ती उलगडायला. दोष होता एका ठिकाणी. दहा मजले, प्रत्येकावर बारा खांब. ग्रासहॉपर हे झाडासारखं ठेवतं, दहा फांद्या आणि प्रत्येकीवर बारा पानं. मध्ये कुठेतरी त्या मुलाने सगळ्या फांद्या सपाट करून १२० ची एक सरळ यादी केली होती. त्याच्या वेळी प्रत्येक मजल्यावर बाराच खांब होते, त्यामुळे बारा-बारा मोजून जमून गेलं. पुढे तळमजल्यावर पार्किंगसाठी दोन खांब उडवले आणि वरच्या प्रत्येक मजल्याने दोन-दोन खांब शेजारच्या मजल्याचे उचलले. लाल पेटी कुठेच नव्हती. यंत्राच्या मते सगळं ठीक होतं.

गेल्या दहा-बारा वर्षांतलं खरं काम, साधन बनवणाऱ्याशिवाय चालावं यासाठीचं, या जागी झालं आहे. एनबीबीजे या अमेरिकन फर्ममध्ये अँड्र्यू ह्यूमन यांनी ह्यूमन यूआय बनवलं. त्याने तारांचं जाळं मागे ठेवून पुढे स्वच्छ खिडकी करता येते, त्यात मोजकी बटणं आणि ओळखीच्या शब्दांत प्रश्न. फिलाडेल्फियाच्या कीरनटिंबरलेक या आर्किटेक्टांनी इमारतीतल्या सामानाचा पर्यावरणावरचा भार मोजणारं टॅली हे साधन बाहेर विक्रीला आणलं. आर्किटेक्ट रोज ज्या रेव्हिटमध्ये काम करतो त्याच्या आतच ते बसतं. स्वीडनमधल्या वालग्रेन आर्किटेक्टांच्या ऑफिसातल्या घराचे प्लॅन जुळवणाऱ्या साधनातून फिंच ही वेगळी कंपनी उभी राहिली. एका ऑफिसात जन्मलेलं साधन हजार ऑफिसांत जायचं तर त्याला स्वतःची माणसं आणि स्वतःचा पगार लागतो, हे आता मान्य झालं आहे.

मी शिकवते तेव्हा विद्यार्थ्यांना मात्र लेडीबग दाखवते. मुस्तफा सादेगीपूर रुदसारी यांनी २०१३ मध्ये ग्रासहॉपरला जोडून दिलेलं हे साधन गावाची हवामानाची फाइल वाचतं. पुण्याची फाइल आहे, तिच्या नावात ४३०६३० हा केंद्राचा क्रमांक असतो. ती जोडली की पुण्याच्या आकाशात सूर्याची वाट उमटते. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीला परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. जूनमध्ये उत्तरेच्या खिडकीत ऊन येतं, हे परदेशी पुस्तकं वाचून शिकलेल्या मुलांना पटत नाही. पडद्यावर ते पटतं. गणित तेच जुनं आहे, पूर्वी तक्त्यांवरून हाताने काढायचं. आता विद्यार्थी फक्त गाव निवडतो.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या पहिल्या ऑफिसात गेले होते. बोर्ड गेले, अमोनियाची खोली आता पॅन्ट्री आहे. काका निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. खिडकीशी बसलेली एक मुलगी ऑटोकॅडमध्ये काम करत होती. तिने ‘जिना’ टाइप केलं, आणि पडद्याच्या तळाशी रोमन लिपीतली ओळ आली: मजल्याची उंची किती, मिलिमीटरमध्ये. कंसात ३०००. तो प्रोग्रॅम कुणाचा हे तिला माहीत नव्हतं, ऑफिसच्या सर्व्हरवर पहिल्यापासून आहे म्हणाली.

मी सांगितल्यावर ती लगेच खुर्ची वळवून बसली. “मॅडम, मग एक विचारू? पायऱ्या विषम आल्या की हा लँडिंग चुकीच्या उंचीवर टाकतो. एकवीस दिल्या तर खाली दहाच्या जागी साडेदहा धरतो.”

मी पर्समधून डायरी काढली आणि तिला म्हटलं, पुन्हा एकदा करून दाखव, सुरुवातीपासून, मी काही बोलणार नाही.